तीन खेपा

सुलक्षणा परब या बाईंचा मला राग येतो. तो का येतो, हे एकदा कुठेतरी सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही दोघं घाटकोपरच्या एकाच शाळेत. मी गणित शिकवतो, त्या इतिहास आणि नागरिकशास्त्र. बाईंचं गाव कुडाळच्या बाजूचं, वडील गिरणीत. गिरणी बंद पडल्यावर घर मुलुंडला आलं आणि बाईंनी शिकवण्या घेत घेत बीएड केलं. लग्नाचं राहूनच गेलं. हक्क आणि कर्तव्यं हा धडा आम्ही बाकीच्यांनी दोन तासांत उरकला असता. बाईंना त्याला दोन महिने लागतात. मुलांना रेशनकार्ड आणायला लावतील, वॉर्ड ऑफिसला खराखुरा अर्ज लिहायला लावतील. एकदा नववीच्या मुलांनी शाळेसमोरच्या उघड्या गटाराबद्दल अर्ज दिला आणि तीन आठवड्यांत त्यावर झाकण बसलं. त्या झाकणाचा बाईंना इतका अभिमान, की शाळेत नवा शिक्षक आला की त्याला ते दाखवायला न्यायच्या. आम्ही पाठीमागे हसायचो.

गेल्या वर्षी मतदारयादीचं काम आलं. ते शिक्षकांच्या गळ्यात पडतं, नाही म्हणायची सोय नसते. शाळा सुटली की यादी घेऊन दारोदार फिरायचं आणि यादीतला माणूस तिथे राहतो का ते पाहायचं. दार बंद असेल तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, तिन्ही तारखा वहीत लिहायच्या आणि तरीही कुणी भेटलं नाही तरच 'स्थलांतरित' असा शेरा मारायचा. टेकडीवरच्या वस्तीचे दोन भाग आम्हा दोघांकडे आले. तिथल्या पायऱ्या अजून माझ्या गुडघ्यांत आहेत. त्यात सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मग एकदा जायचं, शेजारी विचारायचं आणि उरलेल्या दोन तारखा घरी चहा पिता पिता भरायच्या, असं चालायचं. मी तरी तसंच केलं.

बाईंनी तसं केलं नाही. त्या खरोखर तीन-तीनदा चढल्या. फक्त एका घराच्या वेळी त्यांचा पाय मुरगळला होता, यादी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. शेजारच्या लताबाई म्हणाल्या की म्हातारे आता माहुलला असतात, धाकट्या मुलाकडे. बाईंनी उरलेल्या दोन तारखा मनानेच घातल्या आणि शेरा मारला.

म्हाताऱ्यांचं नाव भाऊराव खरात. मूळचे जालन्याकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते, वय शहात्तर. धाकट्या मुलाची झोपडी नाल्याच्या रुंदीकरणात गेली आणि बदल्यात त्याला माहुलला खोली मिळाली. सून बाळंत झाली म्हणून भाऊराव तिकडे गेले होते. तिथली हवा त्यांना मानवली नाही, खोकला लागला आणि आठ दिवसांत ते टेकडीवर थोरल्याकडे परत आले. बाई दुसऱ्यांदा गेल्या असत्या तर ते दारातच बसलेले दिसले असते.

नाव काढण्याआधी नोटीस जाते म्हणतात. ती खरातांच्या घरी कुणी पाहिली नाही.

मग वर्षानुवर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक लागली. बाईंनी नववीला प्रकल्प दिला: घरातल्या एका मतदाराबरोबर मतदान केंद्रापर्यंत जा आणि काय पाहिलं ते लिहा, दहा गुण. मतदानानंतर वह्या आल्या. शिक्षकांच्या खोलीत बाई माझ्यासमोर बसून त्या वाचत होत्या. एक वही त्यांनी दोनदा वाचली आणि माझ्याकडे सरकवली.

वही सपना खरातची होती. तिने लिहिलं होतं की आजोबा सकाळी पांढरा शर्ट घालून तयार झाले. आम्ही सातला रांगेत होतो. आत साहेबांनी यादी पाहिली आणि नाव नाही म्हणाले. आजोबांनी कार्ड दाखवलं. साहेब म्हणाले, कार्ड चालत नाही, यादीत नाव लागतं. मी घरी चला म्हटलं. आजोबा आले नाहीत. ते मतदान बंद होईपर्यंत गेटजवळ उभे होते, मी मधे घरून डबा आणला तो त्यांनी खाल्ला नाही. शेवटी तिने विचारलं होतं, "बाई, आमचं मतदान झालं नाही, तर माझे मार्क कापणार का?"

बाईंनी कपाटातून आपली वही काढली, खरातांचा घरक्रमांक शोधला आणि तिथे बोट ठेवून बसून राहिल्या. त्यांच्याच अक्षरातल्या तीन तारखा होत्या. मी म्हटलं, होतं असं, सहा नंबरचा फॉर्म भरा, नाव परत चढेल, विषय संपला. त्यांनी वही परत कपाटात ठेवली. मला वाटलं, पटलं.

शनिवारी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. टेकडीवरची ती खोली दहा बाय बाराची. भाऊरावांनी आम्हाला पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली बसले. सपना पाणी घेऊन आली. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, नाव मी काढलं, मी एकदाच आले होते आणि तीनदा आले असं लिहिलं. नातीसमोर सांगितलं. मला तर कुठे बघावं कळेना. सपनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

म्हातारे ओरडतील असं मला वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माझा बाप पाटलाच्या वट्याखाली उभा राहायचा, बाई," ते म्हणाले. "मी एकाहत्तर साली पहिलं मत दिलं, तवा पाटील रांगेत माझ्या मागं होता. तवापासून एक मत चुकवलं नाही. परवा मी गेटजवळ उभा होतो अन् सगळी दुनिया माझ्या पुढून आत गेली."

बाईंनी फॉर्म काढला. त्यांनी तो घरूनच भरून आणला होता, फक्त सही राहिली होती. भाऊराव एकेक ओळ बोटाखाली धरून वाचू लागले. खालच्या प्रतिज्ञेपाशी बोट थांबलं. यादीत नाव घालण्यासाठी मी पहिल्यांदाच अर्ज करतो आहे, असं काहीसं तिथे छापलेलं होतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

मी समजावलं, बाबा, ते छापील असतं, सगळे करतात सही, कुणी बघत नाही. पोरीनेही आजोबा, करा ना म्हणून पाहिलं.

"मी पंचावन्न वर्षं मत दिलंय," भाऊराव म्हणाले. "पहिल्यांदाच म्हणून कसं लिहू? खोट्यानं गेलं ते खोट्यानं नको. काय झालं ते लिहा, त्याच्याखाली सही करतो."

बाईंनी तिथेच सपनाच्या वहीचा कागद फाडून घेतला आणि लिहिलं. मी एकदाच गेले, दोन तारखा खोट्या घातल्या, या मतदाराचं नाव चुकीनं नाही, माझ्या हलगर्जीपणानं गेलं. खाली स्वतःची सही, त्याखाली भाऊरावांची. मला त्यावर साक्षीदार म्हणून सही करा म्हणाल्या. मी चष्मा विसरलो म्हटलं. चष्मा खिशात होता.

बाई सोमवारी निवडणूक कार्यालयात गेल्या. तिथल्या माणसाने कागद वाचला आणि परत दिला. असा नमुनाच नाही म्हणाला; सहा नंबर भरा, नाहीतर राहू द्या. बाईंनी कागद मिळाल्याचा शिक्का मागितला, तो त्याने दिला नाही. मग बाईंनी तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवला. महिनाभराने त्याची झेरॉक्स पाठवली. मग त्याहून वरच्या कार्यालयाला.

आता शाळेत सगळे हादरले. एका वहीची चौकशी लागली तर सगळ्यांच्या वह्या उघडणार. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून शाळेचं नाव, पेन्शन, सगळं सांगून पाहिलं. त्यांच्या डब्यात हात घालणारे त्यांच्या टेबलावर बसेनासे झाले. यात मीच पुढे होतो, खोटं कशाला बोलू. एका दुपारी मी त्यांना सरळ म्हटलं की तुम्ही एका म्हाताऱ्यासाठी अख्ख्या स्टाफची वाट लावताय. तो सही करत नाही हा त्याचा हट्ट आहे, तुमचा काय संबंध.

बाई घरी मालवणी बोलतात, शाळेत कधी नाही. त्या दिवशी बोलल्या. "माका गप रवाक जमाचा नाय, सर." मग शुद्ध मराठीत त्यांनी विचारलं, "तुमच्या यादीत अशी किती घरं होती?"

मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. मोठ्याने म्हटलं. त्या पुन्हा कधी विचारायला आल्या नाहीत.

कोणत्याच पत्राचं उत्तर आलेलं नाही, चौकशीही लागली नाही. आम्ही उगाच घाबरलो. बाई यंदा हक्कांचा धडा शिकवताना वर्गाला आपल्या तीन तारखा सांगतात असं मुलं म्हणतात. गटाराचं झाकण आता कुणाला दाखवत नाहीत. सपनाला दहापैकी दहा मिळाले. भाऊरावांचा खोकला वाढलाय, पुढची निवडणूक आणखी तीन-साडेतीन वर्षांनी. त्यांचं नाव अजून यादीत नाही.

बाईंना मी उत्तर दिलं नाही ते इथे देतो. माझ्या यादीत अशी एकवीस घरं होती. आता सुट्टी लागली आहे, पेपर तपासून झाले आहेत, पाय ठीक आहेत आणि ती वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी अजून एकाही घरी गेलेलो नाही.