आमच्या अंगणातून गेलेला कोंबडा

कोणी उभं राहून खणखणीत आवाजात प्रभूची साक्ष द्यायला लागलं की मला तिथं बसवत नाही. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसलेली असते, पदर तोंडाला लावते आणि खाली बघत राहते. शेजारच्या बायांना वाटतं, म्हातारीला गहिवर आला. गहिवर कसला डोंबलाचा! किळस येते मला. मी ख्रिस्ती आहे, जन्मले तशीच मरेन. सुवार्ता सांगायची ती न घाबरता, चारचौघांत, रोजच्या जगण्यात सांगायची, हे मलाही मान्य आहे. पण ज्या तोंडांनी आम्ही ती सांगितली त्या तोंडांची मला किळस येते, आणि त्यातलं एक तोंड माझं आहे.

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच उठली होती, तेव्हाची गोष्ट. माझे यजमान मिशनचे प्रचारक होते. चांद्याच्या पाळकसाहेबांनी आम्हाला कुरखेड्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात ठेवलं होतं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं अंगण. माझं माहेर वरोऱ्याकडचं, कापसाच्या काळ्या मातीतलं. धानाची शेती मी तिथंच पहिल्यांदा बघितली. गावातल्या एकाची धानाची बांधी, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत, आम्ही अर्ध्या वाट्यानं केली होती, कारण मिशनच्या पगारात दोन लेकरांची पोटं भरत नव्हती.

कुरखेड्याच्या बाजारात यांचा आवाज काय लागायचा! मिरच्यांच्या ढिगांपलीकडे उभे राहून हे असे गर्जायचे की बैल कान टवकारायचे. भिऊ नका, लाजू नका, घराच्या छपरावर चढून सांगा! ट्रेनिंग घेतल्यापासून यांची भाषाही पुस्तकी झाली होती. आणि गावात परत आले की शेजाऱ्याचं वासरू आमचा वाफा खाऊन जाई, तरी त्याला हाकला म्हणायची यांची छाती होत नसे. बाजारात ओरडणं सोपं असतं हो. तिथं ओरडून झालं की माणूस घरी जातो. गावात ओरडला तर जाणार कुठं?

तीन वर्षांत आमच्या गावातला एकच माणूस प्रभूकडे वळला. कास्तकार होता, तळ्याखाली त्याच्या तीन बांध्या होत्या, घरात बायको आणि म्हातारी आई. थोडं अडखळत वाचायचा. शब्द फार नव्हते त्याच्याजवळ, पण एकदा पटलं की पटलं. एका दुपारी पडवीत आला आणि यांना विचारलं, "भाऊ, रोवणा जवळ आला. मातामायच्या पूजेचं काय करू?"

ही पूजा म्हणजे त्या गावचा कायदाच होता. रोवणा सुरू व्हायच्या आधी, म्हणजे वाफ्यातली धानाची रोपं उपटून बांधीत लावायच्या आधी, मातामायला, म्हणजे गावदेवीला, कोंबडे द्यायचे. ज्याची बांधी, त्याचा कोंबडा. पुजारी घरोघर फिरून घेऊन जाई. ज्यानं दिला त्याच्या बांधीत गावच्या सगळ्या बाया पाळीपाळीनं येऊन रोवणार. ज्यानं दिला नाही त्याच्या चिखलात कोणाचाही हात लागणार नाही. घरच्या दोन-तीन माणसांनी सगळा रोवणा होत नाही, आणि रोपं तर वाट बघत नाहीत. पंचवीस-तीस दिवसांच्या वर गेली की कांडी धरतात, मग लावून काही उपयोग नसतो. त्या तीन बांध्यांवर त्याच्या घराचं वर्ष होतं.

यांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. "नाही द्यायचा! साफ सांगायचं, मी प्रभूचा झालो. भ्यायचं कशाला? आम्ही आहोत ना."

तो गेला आणि गावासमोर उभा राहिला. मी पाण्याला चालले होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणाला, "मी येशूचा झालो. कोंबडा नाई देत. बाकी गावाच्या कोन्याबी कामाले बोलवा, मी येतो." एवढंच बोलला. कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर गेलं नाही. पुजाऱ्यानं फक्त मान हलवली. त्या दिवसापासून गाव त्याच्याशी बोलेनासं झालं.

हे खूश. काय खूश म्हणता! महिन्याचा अहवाल लिहायला घेतला. छापील कागद असायचा, त्यात किती गावं, किती श्रोते, किती पुस्तकं असे रकाने. खाली शेऱ्याला जागा. तिथं त्या माणसाची निर्भय साक्ष हे रंगवून रंगवून लिहीत होते, तेवढ्यात मागच्या अंगणात पुजारी आला. दिवस मावळला नव्हता अजून. खाकरला आणि म्हणाला, "बाई, तुमचीबी बांधी हाये."

मी आत आले. "अजी, पुजारी आला. काय सांगू?"

यांनी लेखणी खाली ठेवली नाही. वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "आपण बाहेरगावचे. विहीर गावाची, वाट गावाची. शहाणपणानं राहावं लागतं. तू दे. मला काही विचारू नकोस, मी काही पाहिलं नाही."

"अन् त्या माणसाले जे सांगतलं ते?"

"त्याचं वेगळं. तो इथलाच आहे."

थू! मला तेव्हाच थुंकायला पाहिजे होतं. पण मी काय केलं ते ऐका. मी खुराड्याशी गेले आणि दोन कोंबड्यांतला कोणता द्यावा याचा विचार करत बसले. चांगला ठेवला, एका पायानं लंगडणारा काळा दिला. वर पुजाऱ्याला म्हणाले, "कोनाले सांगू नोका बरं." तो हसला. गडी चांगला होता, शब्दाला जागला. आणि खरं सांगते, तो अंगणाच्या बाहेर पडला तेव्हा मला हलकं वाटलं. आपला रोवणा होणार, लेकरं जेवणार, एवढंच डोक्यात होतं. माझी मला शिसारी येते, ती त्या हलकं वाटण्याची.

चौथ्या दिवशी आमची पाळी आली. पंधरा-सोळा बाया उतरल्या, गाणी म्हणत म्हणत दुपारपर्यंत बांधी हिरवी करून मोकळ्या झाल्या. मी आंबील घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी. आणि पलीकडे, तळ्याखाली, ती तिघं. तो चिखल करायचा, बायको रोवायची, म्हातारी कमरेत वाकून रोपांच्या जुड्या टाकत यायची. दिवसभरात चटईएवढा तुकडा होई. वाफ्यातली रोपं उंच होत चालली, शेंडे पिवळे पडायला लागले.

त्यानं यांना विचारलं, गाव तुमच्या बांधीत कसं आलं? साधा माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. आणि त्याच्याशी दुसरं कोणी बोलतच नव्हतं, मग खरं सांगणार कोण? यांनी काय उत्तर द्यावं? "प्रभूनं त्यांची मनं वळवली. तुझ्यासाठीही वळवेल, धीर धर." मी चुलीशी बसून ऐकत होते, तो गेल्यावर बाहेर आले. मी म्हटलं, मी जाते त्यांच्या रोवण्याला. तर म्हणतात, "वेडी आहेस का? आज तिथं दिसलीस तर उद्या गाव आपल्यालाही वाळीत टाकेल." स्वतः मात्र रोज संध्याकाळी जायचे. छत्री घेऊन धुऱ्यावर उभं राहायचं, चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या त्या माणसाला डोळे मिटायला लावायचे आणि खणखणीत प्रार्थना करायची. जोड्यांना चिखल लागू नये म्हणून जोडे हातात! असा संताप यायचा की वाटे, ती छत्री ओढून तळ्यात फेकून द्यावी.

पुढच्या रविवारी चांद्याहून पाळकसाहेब जीपनं आले. अहवाल वाचून आले होते, निर्भय साक्ष देणारा माणूस त्यांना बघायचा होता. आमच्या पडवीत उपासना झाली. आसपासच्या गावांतली दहा-बारा माणसं होती. उपदेश अर्थात धैर्यावर. मग त्याला उभं केलं. तो हातांनी धोतर चाचपत म्हणाला, "प्रार्थना करा जी. अर्धी बांधी झाली, अडीच राह्यल्या. चार-पाच दिवसांत लागलं तं लागलं, नाई तं वाफ्यातले पऱ्हे गेले." आणि बसला. यांनी लगेच धागा उचलला. "पाहा! पीक गेलं तरी चालेल, पण हा झुकला नाही. आपल्या घरातून मातामायला एक पीसही जाणार नाही, असं आपल्यापैकी किती जण म्हणू शकतील?"

मी कधी उभी राहिले, मला कळलं नाही.

"आमच्या घरून कोंबडा गेला," मी म्हटलं. "याच अंगणातून. म्या देल्ला, अन् यायनं द्यायले सांगतला. तवा हे आत बसून या भाऊच्या साक्षीचा अहवाल लिहून राह्यले होते."

हे म्हणाले, "हिची तब्येत बरी नाही." पाळकसाहेबांनी घसा साफ केला, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "एक गीत घेऊ या." आणि काय सांगू, सगळ्यांनी गीत घेतलं! टाळ्या वाजवून घेतलं! तो माणूस मात्र गात नव्हता. माझ्याकडे बघत होता. गीत संपायच्या आधी उठून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुजाऱ्याच्या घरी कोंबडा नेऊन दिला. त्याच दुपारी गाव त्याच्या चिखलात उतरलं. यांना कळलं तसे कपाळाला हात लावून बसले. "पडला हो बिचारा. विश्वासात कच्चा निघाला." आणि घेतला कागद लिहायला.

"लिहा," मी म्हटलं. "कोनाले पाहून पडला तेबी लिहा."

"त्याला रकाना नाही," हे म्हणाले. चेष्टेनं नाही हो, अगदी खरोखर कागद वर-खाली बघून म्हणाले.

मी नऊवारीचा काचा मारला आणि तळ्याखाली गेले. बाया ओळीनं रोवत होत्या. काही रोपांनी कांडी धरली होती, ती बाजूला टाकून दिलेली दिसत होती. बरीच वाचली होती तरी. तो धुऱ्यावर जुड्या मोकळ्या करत होता. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, "भाऊ, रविवारी याल ना?"

त्यानं मान वर केली नाही. "प्रार्थना तं मी करतोच, बाई. इथी बांधीत करतो. आता कोंबडा देल्ला, त्याची माफीबी त्यालेच मागतली. पन तुमच्या पडवीत नाई येत."

"काऊन?"

"त्या दिवशी गावासमोर उभा राह्यलो, तं तुमाले पाहून उभा राह्यलो होतो. मनलं, हे दोघं परक्या गावात येऊन भेत नाई, मंग मी कायले भेऊ?" त्यानं आणखी एक जुडी सोडली. "मले येशूची लाज नाई वाटत, बाई. तुमची वाटते."

मग त्यानं एक जुडी माझ्या हातात दिली आणि बायांच्या ओळीत रिकामी जागा होती ती दाखवली. मी चिखलात उतरले.