खारफुटीतला वाढदिवस

माझ्या मायनं पासष्टी ओलांडल्यावर पहिल्यांदा खारं पाणी पाहिलं. तिचं सगळं आयुष्य निलंग्याजवळच्या खेड्यात, दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेलं. मी निलंग्यातच शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ मुंबईला नोकरीला लागला, तेव्हा सुट्टीत तिला घेऊन त्याच्याकडं गेले आणि एका सकाळी खाडीकाठचं खारफुटीचं राखीव जंगल दाखवायला नेलं.

फाटकावर रखवालदारानं मायची पिशवी उघडायला लावली. आत फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेंगाची चटणी, दोन कांदे.

"मावशी, हे आत चालत नाही. गावाकडची माणसं कचरा करतात."

माय माझ्याकडं बघत राहिली. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मीच म्हटलं, "जाऊ दे माय, नियम आसंल," आणि पिशवी फाटकावरच ठेवली. शिकलेल्या माणसाची ही सवयच वाईट.

आत चिखलावरून लाकडी पूल होता. जमिनीतून वर आलेल्या मुळ्या पाहून माय थांबली. "ह्या उलट्या कशा काय गं?" चिखलात हवा मिळत नाही, म्हणून श्वास घ्यायला वर येतात, असं मी सांगितलं. तिनं तिवराच्या पानावर बोट फिरवून चाटलं. "खारट हाय. झाडाला बी घाम येतो म्हन की." इतकी वर्षं शिकवून मला हे असं सांगता आलं नव्हतं.

पुलाच्या टोकावरून लांब पाण्यात रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा दिसायला लागला, तोच मागं स्पीकर सुरू झाला. दहा-बारा माणसं, फुगे, केक. कुणाचा तरी वाढदिवस. चमकी भरलेली कागदी नळी फाडकन फुटली, तिचे तुकडे खाडीत पडले आणि सगळा थवा उठला. मायला उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

मी गाणं बंद करायला सांगितलं. "परवानगी आहे आमच्याकडं," एकजण म्हणाला. फाटकावरचाच रखवालदार त्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरून उभा होता.

"माझ्या आईची भाकर चालत नाही, आणि हे चालतं?"

त्यानं मान खाली घातली. "साहेबांचे पाहुणे आहेत, मॅडम."

मी कार्यालयात जाऊन तक्रारवही मागितली. वही कपाटात आहे आणि किल्ली साहेबांकडं, असं तिथला कारकून म्हणाला. मी खुर्ची ओढून बसले. माय दारात उभी. "चल की लेकरा, लई येळ झाला." मी हलले नाही. तासाभरानं किल्ली सापडली. मी दोन पानं भरून लिहिलं, मायला वाचून दाखवलं. साक्षरता वर्गात शिकलेली सही तिनं माझ्या सहीखाली सावकाश केली.

दोन महिन्यांनी छापील पत्र आलं. भेट दिल्याबद्दल आभार, पुन्हा अवश्य या. तक्रारीबद्दल एक अक्षर नाही. त्याच पत्राच्या कोऱ्या पाठीवर मी सगळं पुन्हा लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्याच कार्यालयाच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं.