चार तांबे आणि मागचं उजवं चाक

अण्णांच्या लॉरीला मी स्वतःच्या हातानं सहा नवी चाकं बसवली, आणि पाचव्या दिवसापासून घरात मला कुणी कामाचा माणूस समजेना.

(आधीही समजत नव्हते. पण आधी त्याला पुरावा नव्हता.)

लढाई नुकतीच संपली होती. लष्करानं नको झालेलं सामान लिलावात काढलं, त्यात अण्णांना टायरांसकट सहा चाकं मिळाली. लढाईच्या वर्षांत आमची लॉरी ठिगळं मारलेल्या टायरांवर चालली होती. एका टायरात तर आत्याची जुनी वाकळ कोंबलेली होती, आणि लॉरी दारात उभी राहिली की आत्या त्या चाकाकडं हळव्या नजरेनं बघायची. त्यामुळं नवी चाकं आली तेव्हा जालन्यातला आमचा सगळा मस्तगड भाग बघायला लोटला. आत्यानं सहाही चाकांना हळदकुंकू लावलं. बसवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी दोन वर्षं एका मिस्त्रीच्या हाताखाली होतो. तिथं मी पाने उचलून द्यायचो आणि घरी येऊन मिस्त्रीसारखा बोलायचो.

अण्णा म्हणजे माझे वडील. परतूरला कापूस भरायचा आणि जालन्याला आणून टाकायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. डोळे मिटून बसले तरी बुडाखालच्या खड्ड्यांवरून कोणतं गाव मागं पडलं ते बिनचूक सांगत. लॉरीवर बसलेले अण्णा आणि जमिनीवर उतरलेले अण्णा ही दोन माणसं होती, आणि जमिनीवरच्या अण्णांना कुणी फारसं ओळखत नव्हतं.

तर पाचव्या दिवशी ते परतूरहून आले आणि खाली न उतरता वरूनच म्हणाले, "नाम्या, कशी बसवलीस रे चाकं? जरा पळवली की स्टेरिंग थरथर करून राह्यलंय."

"नवीन हायेत अण्णा. बसतील हळूहळू."

"चाकं हायेत का जावई, हळूहळू बसायला?"

मी जॅक लावला. चाक उचललं, फिरवलं, कडेला खडू धरून बघितला. चाक सरळ फिरायच्या ऐवजी लाजत लाजत फिरत होतं. तेवढ्यात गफूरचाचा आले. हे अण्णांचे जुने दोस्त, दुसऱ्या एका लॉरीवर ड्रायव्हर. त्यांनी एकदा नटांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"नट कैसे कसे मियाँ? गोल गोल?"

"हाव."

"सामने-सामने के कसना रे बाबा. एक इधर का, एक उधर का. नहीं तो पैय्या तिरछा बैठता."

हे मला माहीत होतं. मी ते दुसऱ्यांना शिकवतही असे! फक्त आमच्या लॉरीच्या वेळी विसरलो. सगळे नट सैल करून समोरासमोरचे आवळले. दोन रिमांच्या आत कुठल्या मुलखातला कोण जाणे, हातभर चिखल वाळून बसला होता, तोही खरवडून काढला. अण्णा चक्कर मारून आले.

"अजून थरथरतंय."

मग मी हवा कमी केली. मग जास्त केली. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळले. पुढची चाकं मागं नेली, मागची पुढं आणली. महिनाभरात सहाही चाकं लॉरीच्या सगळ्या कोपऱ्यांत राहून आली. दर वेळी अण्णा चक्कर मारून येत, हात मांडीखाली दाबून ओट्यावर बसत आणि म्हणत, "न्हाई गेलं." माय त्यांना चहा आणून देई, तोही अर्धा कप. तो संपला की आणखी अर्धा.

"साखर महाग झाली म्हणून काय एकदम भरून द्यायचा न्हाई का?" मी एकदा मायला म्हणालो.

"दोनदा देते. तुला काय करायचंय? तू तुझी चाकं बघ," माय म्हणाली.

शेवटी गफूरचाचांनी लॉरी चालवून बघितली. अण्णांनी स्टेअरिंग दिलं, पण लेक नांदायला पाठवल्यासारखं तोंड करून शेजारी बसले. परत आल्यावर चाचा म्हणाले, "गनपतराव, स्टेरिंग तो मक्खन है."

"तुझे हात मेलेत, गफूर. तुला काही कळंना आता."

"हौ, मेरेच हात मर गए," चाचा हळूच म्हणाले आणि बिडी न पेटवताच निघून गेले. मला वाटलं, चिडले.

कापूस परतूरला पडून होता. अण्णा म्हणाले, "हिचं थरथरणं गेल्याबिगर मी भरायला जानार न्हाई." वीस वर्षांत त्यांनी हंगामात लॉरी उभी ठेवली नव्हती. माझ्या कामामुळं बापाचं काम थांबलं, हे मला सहन होईना. दोन रात्री विचार करून मी एक युक्ती काढली. (माझ्या युक्त्यांना घरात जे नाव होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.)

लॉरीच्या हौद्यात चार कोपऱ्यांना चार माणसं बसवायची. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला तांब्या. तो अंगाला टेकवायचा नाही, नजर हलवायची नाही. ज्याचं पाणी जास्त सांडेल, त्याच्या खालचं चाक खराब! माणूस भीड धरेल, पाणी धरणार नाही. चालवायला गफूरचाचा.

पुढं डावीकडं आत्या, उजवीकडं मी. मागं डावीकडं माय, उजवीकडं अण्णा. अण्णा हौद्यात बसायला तयार नव्हते.

"मी काय सरकीचं पोतं हाये का?"

"अण्णा, तुमच्याइतकं हिला कोन ओळखतं?"

हे बोललो आणि ते मुकाट्यानं चढले. माय मात्र चढेना. "कशाला हे नसते उद्योग? गफूरभाऊ म्हणतात ना चांगली चालती," असं दोनदा म्हणाली. मी तिचं काही ऐकलं नाही. माझ्या अंगात तेव्हा शास्त्र संचारलं होतं.

बदनापूरला पोचेपर्यंत आत्याची चार देवांची नावं घेऊन झाली होती. स्टेशनाजवळ लॉरी थांबवून मी बोटं बुडवून पाणी मोजलं. माझं दोन बोटं कमी. मायचं दोन. आत्याचं तीन (ती गप्प बसूनही हातवारे करते). अण्णांचा तांब्या अर्धा.

"सापडलं! मागचं उजवं!"

उन्हात घामाघूम होऊन मी मागची उजवी जोडी डावीकडं टाकली, डावी उजवीकडं. आता डावीकडचं पाणी सांडायला पाहिजे. परतीच्या निम्म्या वाटेत पुन्हा मोजलं. अण्णांचा तांब्या अर्ध्याहून कमी.

मी चक्रावलो. चाक बदललं तरी दोष उजवीकडंच! म्हणजे चाक नव्हे, कण्यातच काही तरी आहे. खात्री करायला म्हटलं, "माय, तू अन् अण्णा जागा बदला."

"पुरे आता, नाम्या."

"एकदाच."

माय उठली. अण्णा उठले. पुन्हा तांबे भरले. जालना येईपर्यंत मी माझ्या तांब्यावरून नजर काढली नाही. गाव आलं, चाचांनी इंजिन बंद केलं. मी मोजायला वळलो. आता डावीकडं बसलेल्या अण्णांचा तांब्या रिकामा. उजवीकडं मायचाही रिकामा. पुढं आत्याचाही रिकामा!

मी थक्क झालो. मग वाकून बघितलं तर अण्णांचं मघाचं पाणी उन्हानं वाळून गेलेलं आणि मायच्या पायाखालची फळी कोरडी ठणठणीत. हौद्याच्या बाहेरच्या बाजूला मात्र धुळीत पाण्याचा ओघळ, थेट खालपर्यंत. आत्याच्या बाजूलाही तसाच. मला माझ्या हुशारीचा एवढा आनंद झाला की मी बोट दाखवून ओरडलो, "माय, तुझं सांडलं न्हाई! तू बाहेर वतलंस! आत्या, तू पन! का?"

माय माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती बघत होती तिकडं मी बघितलं.

लॉरी उभी होती. इंजिन बंद होतं. अण्णांच्या हातातला रिकामा तांब्या थरथरत होता.

पुढचं बोलणं अण्णांचंच. ते आपल्या हातांकडं बघत होते. म्हणाले, "चाकं बराबर हायेत." मग म्हणाले, "पोराचं काम बिलकुल बराबर हाये."

माझ्या कामाला अण्णांनी आयुष्यात बरोबर म्हटलं ते एवढंच. आणि मी मनातल्या मनात देवाची विनवणी करत होतो की माझं काम चुकलेलं निघू दे. एखादं चाक वाकडं निघू दे. सहाही निघू दे.

चाचांनी वर येऊन त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. अण्णा खाली उतरले, सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दारावर हात ठेवून जरा उभे राहिले. मग बोनेटला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढले. घरी आल्यावर मायनं त्यांना अर्धा कप चहा दिला, आणि तो अर्धा का, हे घरातल्या सगळ्यात हुशार माणसाला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी परतूरला कापूस भरायला जायचं होतं. चाचा चालवणार, अण्णा शेजारी. मी पहाटे उठलो, पाना घेतला आणि मागच्या उजव्या चाकाचे दोन नट थोडे सैल केले. लॉरी खरंच थरथरेल, अण्णांना वाटेल की दोष तिच्यातच होता. माझ्या डोक्यात इतकंच होतं. चाक निसटलं तर काय, हा विचार शिवलाही नाही. मी मागं हौद्यात बसलो. लॉरी निघाली आणि पन्नास पावलांवर थांबली.

अण्णा उतरून मागं आले. "मागचं उजवं. दोन नट सैल हायेत."

"हातात कळलं का?" मी आशेनं विचारलं.

"हातात काय कळनार आता. बुडाला कळलं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू केलंस?"

मी मान खाली घातली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडून पाना घेतला आणि खाली बसले. पाना नटावर बसेना, नुसताच लोखंडावर वाजत राहिला. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. आम्ही दोघांनी मिळून तो नट आवळला. चाचा पाठ करून कधीची बिडी पेटवत होते, ती काही पेटेना.

"आता समोरचा," अण्णा म्हणाले. "गोल गोल न्हाई."

त्यानंतर अण्णा चार वर्षं त्या लॉरीत शेजारच्या सीटवर बसून गेले, आणि कोणतं गाव मागं पडलं ते चाचांना सांगत राहिले. मी पुढं जन्मभर चाकं बसवली. हजारभर तरी नट माझ्या हातून सैल राहिले असतील, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, पण जाणूनबुजून सैल केले ते दोनच. तेवढेच बापानं पकडले.

परवा सुनेनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. अर्धाच भरलेला. तिला मी साखरेचा भाव विचारला नाही. एवढं आता मलाही समजतं. ती आत गेल्यावर मी फक्त पाना आणला आणि टेबलाच्या चारही पायांचे नट आवळून बघितले. समोरासमोरचे.