एक्केचाळिसाव्या पानाची यादी

मला एक खोड आहे. चालणारी गोष्ट उघडून बघायची. लहानपणी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वडिलांचं गजराचं घड्याळ उघडलं होतं. त्याबद्दल धपाटे खाल्ले, आणि घड्याळ पुन्हा काही चाललं नाही, हेही सांगून टाकते. आता बारामतीत घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवते. त्यासाठीचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय, त्यामुळे तो बिघडला की शिव्याही मीच खाते.

दोन वर्षांपूर्वी डाळजकडचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. त्या गावाचं पुस्तक करायचं होतं, उंबऱ्याला एक पान. वर घराचा फोटो, खाली माणसांची नावं. पुस्तक छापून झालं, मी खूश. मग गुरुजींचा फोन आला, "बाई, आता ज्याला त्याला आपापलं पान मोबाइलवर पायजे. तेवढं सुटं करून देता का?"

त्यात काय एवढं, म्हटलं. पण सुटं केलेलं एकेक पान अख्ख्या पुस्तकाएवढं जड! असं कसं? मी फाइल उघडून आतून वाचायला घेतली. पीडीएफ अशी वाचता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गंमत म्हणजे पानावर फोटो नसतोच मुळी. "अमुक फोटो इथं काढ" एवढा हुकूम असतो, फोटो फाइलीत भलतीकडेच पडलेला असतो. तो सापडतो पानाला जोडलेल्या यादीवरून. या पानाला कोणते फोटो लागतात, कोणती अक्षरं लागतात, त्याची ती यादी. मी आळस करून सगळ्या पानांना मिळून एकच यादी दिली होती. म्हणून प्रत्येक पान निघताना सगळ्या गावाचं बिऱ्हाड पाठीवर घेत होतं.

मला भलतीच मजा यायला लागली. वडील कारखान्यात होते. तिथं प्रत्येक कामाच्या कागदाला हत्यारांची यादी जोडलेली असायची. ते म्हणायचे, यादीत नसलं तर समोर टांगलेलं ड्रिलसुद्धा स्टोअरवाला देत नाही. मीही दोन दिवस बसून पानापानाला त्याची त्याची यादी करणारी सोय लिहिली. पानं हलकी झाली. चार-दोन उघडून पाहिली, बाकीची न बघताच पाठवली. इथंच माती खाल्ली.

चौथ्या दिवशी दुपारी गुरुजी दारात हजर, बरोबर सत्तरीच्या एक बाई. सगळं गाव त्यांना आत्या म्हणतं. मी पाणी पुढं केलं, त्यांनी तांब्याला हात लावला नाही. मोबाइल माझ्यासमोर धरला. एक्केचाळिसावं पान. खाली त्यांच्या आईवडिलांची नावं, आणि वर पांढरीफट्ट चौकट.

"माजी आय कुठं हाय?"

"आत्या, पुस्तकात छापलाय की फोटो," गुरुजी म्हणाले.

"सगळ्यांची घरं मोबाइलात आली. आमचंच न्हाय. तवाबी असंच झालतं."

खरं सांगते, मला रागच आला. एवढ्या पानांत एक चुकलं तर आभाळ कोसळलं का? पण आत्या थांबल्या नाहीत. त्यांचं घर गावाबाहेर, नदीच्या अंगाला होतं. गाव उठवलं तेव्हा भरपाईसाठी घरांची यादी झाली, त्यात ते नव्हतं. "घर हुबं हाय, आय दारात हुबी हाय, आन् सायेब म्हनतोय, यादीत न्हाय."

मी फाइल उघडली. फोटो होता. नदीकाठचं घर, दारात डोक्यावरून पदर घेतलेली बाई. मागं नदी दिसणारा तेवढाच एक फोटो, म्हणून गुरुजींनी तो पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरही घेतला होता. आणि माझ्या दीडशहाण्या प्रोग्रॅमचा नियम असा, की एकदा नोंदलेला फोटो पुन्हा नोंदायचा नाही. त्यानं सुरुवातीच्या पानाच्या यादीत तो घातला, आणि एक्केचाळिसाव्याच्या वेळी म्हणाला, झालाय की लिहून! फोटो होता, तो काढायचा हुकूम होता, फक्त त्या पानाच्या यादीत तो नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, चूक माझी आहे," मी म्हटलं. "फोटो आहे. यादीतच घालायचा राहिला."

"व्हय ना? मंग घाल."

नियम दुरुस्त केला, पान पुन्हा काढलं. घर आलं, दारात आई आली. गुरुजींनी "आलं, आलं!" म्हणून टाळी वाजवली. आत्यांनी फोटो डोळे भरून पाहिला. मग म्हणाल्या, "आता ती यादी दाव."

मी यादी उघडली. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं."

"काय लिव्हलंय?"

"फोटो एक्केचाळीस."

"आकडा? आयचं नाव घालता यील का तितं?"

येतं. यादीत काय नाव द्यायचं, त्याला काही बंधन नाही, हुकुमात आणि यादीत एकच असलं की झालं. मी दोन्हीकडे त्यांच्या आईचं नाव टाकलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. हे नाव पानावर कुणालाही दिसणार नाही, हेही सांगितलं.

"न्हाय दिसलं तर न्हाय. यादीत हाय नव्हं?"

"आहे."

मग त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या.