सेफ्टी पिनवर टांगलेला पंखा

आमच्या इमारतीत सध्या बातमी अशी आहे, की तिसऱ्या मजल्यावरच्या पाना वहिनींनी सासूच्या अंगावर पंखा पाडला. तळमजल्यावर ही बातमी दबक्या आवाजात सांगतात आणि गच्चीवर पोचेपर्यंत सासूबाईंच्या कपाळाला टाके पडलेले असतात. कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंनी तर मला विचारलं, "पोलीस येऊन गेले ना हो?"

मी सहसा चांगली रंगलेली बातमी बिघडवत नाही. पण तेव्हा मी त्याच खोलीत टेबलावर चढलेलो होतो, त्यामुळे नाइलाज आहे. पंखा पडला नाही. सासूबाईंना खरचटलंसुद्धा नाही. पडायला आला होता मात्र खरा, आणि तो तसा यायला वहिनीच कारण होत्या, हेही खरं.

वहिनी शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, पडदे, अभ्रे. खिडकीशी मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला लागून सासूबाईंचा, म्हणजे आमच्या काकूंचा, पलंग. काकूंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या उताण्या पडून असतात. कुशीवर वळायलाही डॉक्टरांची बंदी. नवरा बस चालवतो, तो सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. म्हणजे दिवसभर त्या घरात सासू, सून, शिलाई मशीन आणि पंखा. चौघांपैकी एकही गप्प बसणारं नाही.

मशीनच्या खणात दुसऱ्या बायका कात्री ठेवतात, या कात्रीशेजारी पाना ठेवतात, म्हणून पाना वहिनी. वायरमनला बोलवायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. "येतो म्हणतो तेव्हा येत नाही. येतो तेव्हा आधी चहा विचारतो. आणि जाताना भिंतीवर पाची बोटं उठवून जातो." माझा पंखा मरगळला होता, तेव्हा दारातूनच त्यांनी निदान केलं: कपॅसिटर गेलाय. नवा बसवला, पंखा भिरभिरायला लागला. स्टुलावरून उतरता उतरता म्हणाल्या, "पंखा सुधारला, भाऊजी. तुमच्यासाठी मात्र पार्ट मिळत नाहीत."

तर असं हे हातगुणाचं माणूस. काकूंच्या डोक्यावरचा पंखा त्यांनी मागच्या आठवड्यात धुवायला आणि तेल द्यायला खाली काढला. पंख्याची मोटर वरच्या दांडीला एका आडव्या बोल्टने अडकवलेली असते. बोल्टच्या टोकाला नट, आणि नट सुटून निघू नये म्हणून बोल्टच्या भोकात दोन पायांची एक पिन घालून तिचे पाय फाकवायचे. ती जुनी पिन गंजलेली होती, काढताना तुटली. भर दुपार, हार्डवेअरवाल्याचं दुकान बंद, खाली काकू घामाने भिजलेल्या आणि वर तोंड चालू: "आज जीव घेतेस का माझा?"

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. शिवणाऱ्या बाईच्या घरात काय हाताशी येणार? त्यांनी त्या भोकात सेफ्टी पिन घातली. आजपुरती.

पंखा असा सुरेख फिरला, की ते "आजपुरतं" त्या साफ विसरल्या. चालणाऱ्या पंख्याकडे मान वर करून कोण बघतं?

मग तो डुलायला लागला. पंखा डुलला की पाती एकसारखी नाहीत, हे वहिनींना पाठ. त्यांनी एका पात्यावर चिकटपट्टीने मशीनची बॉबिन चिकटवली, वजनाला वजन. डुलणं कमी झालं. स्वारी खूश. त्यानंतर काकू म्हणाल्या, "अगं, वरून पिन पडली बघ माझ्या चादरीवर."

"आई, या घरात पिना कुठे नसतात? परवा तुमच्या पेल्यात निघाली होती."

"पेल्यातली वेगळी. ही वरून पडली."

"बरं, वरून."

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, पंखा वाकडा दिसतोय. वहिनी म्हणाल्या, आडवं पडून सगळंच वाकडं दिसतं. हे मी माझ्या खिडकीतून ऐकलं, कारण मधे फक्त चौक सोडून आमच्या खिडक्या समोरासमोर आहेत आणि कानाला काही पडदा लावता येत नाही.

परवा दुपारी मी पेपर वाचत होतो, तेवढ्यात त्याच खिडकीतून हाक आली. "भाऊजी! पळत या! दार उघडंय!"

वहिनींचा तसा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. माझा जिना कसा उतरलो, त्यांचा कसा चढलो, देव जाणे. आत गेलो तर काकू पलंगावर उताण्या, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक पाय रोवून वहिनी उभ्या. हात वर. पंख्याच्या मोटरीला खालून दोन्ही तळहात लावलेले. पंखा बंद होता आणि दांडीपासून एका बाजूला कलला होता. तो आडवा बोल्ट जेमतेम टोकावर अडकलेला. नट नव्हता.

"नट पडला," वहिनी म्हणाल्या. "आईंच्या अंगावर पडला तेव्हा कळलं मला. बटण बंद केलं, तर थांबता थांबता जास्तच हेलकावे खायला लागला." त्यांच्या मनगटावर पात्याचा फटका बसून लालभडक वळ उठला होता. "आधी मेन स्विच बंद करा. मग टेबल इकडे ओढा."

मेन बंद केला. म्हटलं, "थांबा, मी पलंगच सरकवतो, काकूंसकट."

"पलंगावर मी उभी आहे, भाऊजी."

"मग तुम्ही उतरा."

"उतरले तर हे धरणार कोण? तुमची जीभ?"

टेबल ओढलं. त्यावरचे बेतलेले गणवेश खाली ढकलले, वर चढलो. आता माझं तोंड त्या बोल्टाच्या समोर होतं. पंख्याचा सगळा भार त्या तिरक्या टोकावर आणि वहिनींच्या हातांवर. मी अंगठ्याने बोल्ट आत ढकलायला गेलो, तर तो हलेना. उलट किंचित बाहेर आल्यासारखा वाटला.

"ढकलू नका नुसतं! मी वर उचलते, भोकं समोरासमोर आली की मग ढकला."

"उचला."

त्यांनी उचललं. त्याबरोबर पाती हलायला लागली. खालून काकू म्हणाल्या, "अगं, हलू नकोस, माझ्या तोंडावर धूळ पडतेय."

"आई, डोळे मिटा."

"मिटू कशाला? येताना दिसायला नको मला?"

भोकं जुळली. बोल्ट एकदम आत गेला, दुसऱ्या बाजूने टोक बाहेर आलं. पण नटाशिवाय तो पुन्हा कधीही निसटला असता. अंगठा काढायची माझी हिंमत नव्हती.

"नट कुठाय?" मी विचारलं.

वहिनी खाली बघू शकत नव्हत्या. "चादरीवर असेल. आई, नट द्या भाऊजींना."

काकूंची उजवी मूठ छातीवर घट्ट आवळलेली होती. त्यांनी ती तशीच ठेवली.

"आई!"

"पिन पडली म्हणाले, तर म्हणालीस पेल्यात असते. वाकडा दिसतोय म्हणाले, तर म्हणालीस मीच वाकडी."

"आई, हात सुटतील माझे!"

"सुटू देत. दोन दिवस मी याच्याचकडे बघत पडलेय. रात्री डोळा लागला नाही माझा. तुला काय, तू तिकडे मशीनवर."

मी म्हटलं, "काकू, आत्ता भांडायची वेळ आहे का?"

"तू गप्प रहा रे. तू खिडकीतून सगळं ऐकत होतास, आला होतास का बघायला?"

वहिनींच्या कोपरांवरून घाम ओघळून काकूंच्या चादरीवर पडत होता. त्यांचे खांदे खाली येत होते, आणि खांद्यांबरोबर पंखा. मला माझ्या अंगठ्याखाली बोल्ट तिरका होताना जाणवत होता.

"तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज फाटला होता. "ती पिन माझीच होती, आई. मीच घातली होती तिथे. नंतर बदलायची विसरले. तुमच्या डोक्यावर. चुकलं माझं."

काकूंनी मूठ उघडायचा प्रयत्न केला. ती उघडेना, इतकी आवळली होती की बोटं आखडली होती. दुसऱ्या हाताने त्यांनी एकेक बोट सोडवलं. तळहातावर नटाचे सहा कोपरे उमटले होते.

काकूंनी हात वर केला, मी वाकलो, एका हाताने बोल्ट दाबून धरून दुसऱ्याने नट घेतला, बोटांनीच जमेल तेवढा फिरवला. "खणात पाना," वहिनी म्हणाल्या. "आधी नट पुरता बसू दे, मग जा." बसला. पाना आणला, आवळला. मग वहिनींनी एक हात काढला. पंखा जागेवर. दुसरा काढला. पंखा जागेवर. त्या पलंगावरून उतरल्या आणि जमिनीवर, गणवेशांच्या ढिगातच बसल्या.

पलंग आम्ही लगेच दुसऱ्या भिंतीला लावला. संध्याकाळी नवरा नवी पिन घेऊन आला, आणि ती बसवायला वहिनींनी वायरमनला बोलावलं. हो, वायरमनला. चहाही दिला.

आता काकूंचा दिवस मजेत जातो. "अगं, कट्कट् येतेय." मशीन थांबतं, वहिनी स्टुलावर चढतात, पात्याचा स्क्रू तपासतात. "अगं, दांडीवरची वाटी सरकलीय का बघ." पुन्हा मशीन थांबतं. काल खिडकीतून हे तिसऱ्यांदा पाहिलं आणि मला राहवलं नाही. मी ओरडून म्हटलं, "वहिनी, म्हातारी तुम्हाला दिवसभर नाचवतेय! सगळं खरं मानायला लागलात की काय त्यांचं?"

त्या स्टुलावरूनच वळल्या.

"आई दिवसभर त्या छताकडेच बघत असतात, भाऊजी. तिथलं त्यांना नाही कळणार, तर दुसऱ्यांच्या घरात बघणाऱ्या तुम्हाला कळणार का?"