बत्तीस नंबरची बरणी

संघरत्ना गेली पंधरा वर्षं डुकरांचं मूत मोजते. हे असं सरळ सांगितलं की पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात, म्हणून तिचा नवरा रत्नदीप ‘ती मेडिकल रिसर्चमध्ये आहे’ असं सांगतो. खरं दोन्ही आहे.

किन्हवलीच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ती काम करते ते संशोधन केंद्र उभं राहिलं तेव्हा आसपासच्या गावांत नाना तऱ्हेच्या वावड्या उठल्या. कोणी म्हणे आत माणसं कापतात, कोणी म्हणे विषं बनवतात. आत होतं ते एवढंच: एका जिवाचं मूत्रपिंड किंवा यकृत काढून दुसऱ्यात बसवायचं कसं, हे शिकायला तरुण सर्जन तिथे येत, आणि माणसावर हात चालवण्याआधी डुकरावर चालवत. काढलेला अवयव बर्फात किती तास तग धरतो, यावर केंद्राचे प्रमुख, मोठे सर, संशोधनही करत. संघरत्ना तिथे झाडलोट करायला लागली. सासूने आठवडाभर अबोला धरला.

“मेलेली ढोरं ओढायचं बाबासाहेबांनी सोडवलं,” सासू शेवटी म्हणाली, “आन तू जित्या डुकरांच्या मागं लागलीस.”

“पगार बँकेत येतो, आत्या,” संघरत्ना म्हणाली. तेवढ्यावर तो विषय मिटला.

झाडलोट करता करता ती डुकरांची माणूस झाली. ऑपरेशन झालेलं जनावर शुद्धीवर येताना कुडकुडतं, तेव्हा त्याच्या कानाला हात लावून ती सांगायची, हे राहील, हे जाईल. डॉक्टर हसायचे आणि मग कागदावर तेच लिहायचे. तिच्या हाताला गुण होता आणि जिभेला लगाम नव्हता. एका मुंबईच्या डॉक्टरला तिने तोंडावर सांगितलं होतं, की तुमच्यापेक्षा आमच्या धसईच्या बाजारातला खाटीक जपून कापतो.

तिचं खरं काम सकाळी सातला. प्रत्येक डुकराच्या मूत्राशयातून एक नळी निघायची, ती पिंजऱ्याबाहेरच्या काचेच्या बरणीत सोडलेली असायची. नवं मूत्रपिंड लागू पडलं की सकाळपर्यंत बरणी भरायची. नाही पडलं की कोरडी. शिकाऊ डॉक्टर ओळीने उभे राहत, संघरत्ना एकेक बरणी टेबलावर ठेवून नंबर आणि माप मोठ्याने पुकारायची, आणि मोठे सर लिहून घ्यायचे. भरलेल्या बरणीचा डॉक्टर पास. त्याचं डुक्कर शांतपणे कायमचं झोपवून, न उघडताच भट्टीत जाई. कोरड्या बरणीचं डुक्कर मात्र सगळ्यांदेखत टेबलावर उघडलं जायचं, आणि सर बोट ठेवून दाखवायचे: इथे टाका चुकला, इथे नस पिळली. सर कधी ओरडत नसत. तरी त्या टेबलाला पोरं सापाला भ्यावं तशी भ्यायची.

हितेश त्या ओळीत तीनदा उभा राहिला. धसईकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, सगळ्या डॉक्टरांत तिला मावशी म्हणणारा एकटा. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट मागून खायचा. पहिली दोन डुकरं त्याच्यादेखत उघडली गेली होती. तिसऱ्यांदा बरणी कोरडी निघाली तर त्याला परत पाठवणार होते. त्या तिसऱ्या डुकराचा नंबर बत्तीस.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी तो पिंजऱ्यापाशी येऊन बसला.

“मावशी, रंग नाय आला गो,” तो म्हणाला. “नसेवरचा चिमटा सोडला की मूत्रपिंड गुलाबी व्हायला पायजे. ह्ये जांभळट राह्यलं. सर दुसऱ्या टेबलावर होते. मी काय बोललो नाय, तसंच शिवलं.”

“व्हईल सकाळपरत,” ती म्हणाली. डुकराचे कान तिने आधीच चाचपले होते, थंडगार होते.

सकाळी बत्तीसच्या बरणीत दोन चमचे होतं, तेही लालसर. शेजारच्या तेहतीस नंबरचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. त्या धडधाकट डुकराची बरणी काठोकाठ भरलेली. बाहेर ओळ लागत होती. संघरत्नाने तेहतीसची बरणी उचलली आणि बत्तीसच्या बरणीत ओतली. हात जरासुद्धा कापला नाही, हे तिला नंतर सगळ्यात जास्त लागलं.

“बत्तीस नंबर, साडेतीनशे,” तिने पुकारलं. हितेशने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बत्तीस नंबर न उघडता भट्टीत गेलं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तिने कोणालाही सांगितलं नाही. वस्तीतल्या विहारात रविवारी पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की ती खोकायची. शेजारणी हसायच्या, संघरत्नाचा खोकला घड्याळासारखा येतो म्हणून. तिला वाटायचं, एका पोराचं भलं झालं, एवढं तर आपण भोगू शकतो.

आठव्या वर्षी पल्लवीचे पाय सुजायला लागले. पल्लवी तिची एकुलती एक लेक, बावीस वर्षांची, वाशिंदला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. सूज पायावरून तोंडावर आली आणि शहापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आधी रत्नदीपला खुर्ची दिली, मग बोलले. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. रत्नदीपला साखरेचा आजार, म्हणून त्याचं चालणार नव्हतं. संघरत्नाचं जुळलं. वर्षभर पोरगी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात राहिली आणि तिच्या हातावरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. शेवटी मुंबईच्या एका इस्पितळात तारीख मिळाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मुख्य सर्जन पहिल्यांदाच वॉर्डात आले; तोवर त्यांच्या हाताखालचेच डॉक्टर बघत होते. मागे चार शिकाऊ डॉक्टर. संघरत्नाने चेहरा बघितला. हितेश. केस थोडे पांढरे, अंगाने भरलेला. त्याने तिला ओळखलं आणि सगळ्यांदेखत वाकून पाया पडला.

“या माझ्या गुरू,” तो शिकाऊ डॉक्टरांना म्हणाला. “यांच्या पिंजऱ्यात मी पास झालो.” मग पल्लवीच्या कॉटवर टेकून तो उत्साहाने सांगू लागला. “घाबरायचं नाही. लक्षात ठेवा रे तुम्हीपण, रंग लगेच आला नाही तर बाकीचे सर्जन गडबडतात, टाके उसवतात. माझं एक डुक्कर होतं, बत्तीस नंबर. मूत्रपिंड जांभळं पडलेलं, मी तसंच शिवलं, आणि सकाळी बरणी भरलेली. मावशींनीच मोजली. तेव्हापासून मी उसवत नाही, थांबतो.”

चौघांनी ते वहीत लिहून घेतलं.

संघरत्ना त्या वह्यांकडे बघत राहिली. आपण एका पोराला पास केलं, असं ती नऊ वर्षं समजत होती. खरं तर तिने त्याला एक चुकीची गोष्ट शिकवली होती. सरांनी ज्यावर बोट ठेवून दाखवलं असतं ते त्याला कधी दिसलंच नाही, आणि त्याच्या जागी तिची बरणी त्याच्या डोक्यात बसली होती. आता तो तीच बरणी घेऊन पल्लवीच्या पोटात हात घालणार होता.

संध्याकाळी जिन्यात उभं राहून तिने रत्नदीपला सगळं सांगितलं. त्याने कठडा धरला.

“आता बोलू नको,” तो म्हणाला. “उद्या पोरगी त्याच्या हातात हाय. आज त्याचा हात मोडलास तर उद्या टाका कोन घालनार?”

त्याचंही चूक नव्हतं. कापणाऱ्या हाताला शंका येऊ नये, हे तिने पंधरा वर्षं बघितलं होतं. घाबरलेल्या डॉक्टरांची डुकरं तिने भट्टीत ढकलली होती. सांगावं तर पोरीचा जीव जायचा, न सांगावं तरी जायचा. तिने जेवणाचं ताट तसंच परत केलं.

सकाळी सहाला हितेश पेन घेऊन आला. ज्या कुशीतून मूत्रपिंड काढायचं तिथे तिच्या अंगावर खूण करायची होती. सोबत कोणी नव्हतं.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “बत्तीस नंबर मुतला नव्हता.”

तो हसला. “काय मावशी?”

“बरणी मी भरली. तेहतीसच्या बरणीतनं. बत्तीसचं दोन चमचे व्हतं, लाल. तुमाला परत धाडतील म्हनून म्या वतलं.”

पेन तिच्या कातडीवर थांबलं होतं. शाईचा ठिपका पसरत मोठा झाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पेनाला टोपण लावलं.

“हे तुम्ही मला आज सांगताय,” तो म्हणाला.

“रंग नाय आला तर थांबू नको, बाबा. माझी पोरगी हाय.”

तो निघून गेला. थोड्या वेळाने तिला स्ट्रेचरवर घेतलं. शेजारून पल्लवीचं स्ट्रेचर जाताना पोरीने तिचं बोट धरून हलकेच ओढलं आणि सोडलं. रत्नदीप भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ती शुद्धीवर आली तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. कुशीत आग होती. पल्लवीला अजून बाहेर आणलं नव्हतं. चार तास म्हणाले होते, सात होऊन गेले, रत्नदीपने सांगितलं. कोणी काही बोलायला तयार नव्हतं. दार उघडलं की दोघंही माना वळवत, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घेतलं जाई.

दिवेलागणीला एक नर्स आली. “मावशी, मुलगी आयसीयूत आहे. लघवी सुरू झाली, दीडशे झाली. आता झोपा.”

“दाव मला,” संघरत्ना म्हणाली.

“काय दाखवू?”

“बरणी. पिशवी, काय आसंल ती. मला हितं आनून दाव.”

“अहो, मी खोटं कशाला सांगेन?”

“दया येते गो,” संघरत्ना म्हणाली. “मानसाला दया येते.”

नर्स वैतागून गेली. तिच्या जागी थोड्या वेळाने हितेश आला. अंगावर अजून ऑपरेशनचे हिरवे कपडे, हातात मापाची बरणी. त्याने ती दिव्यासमोर धरली. पिवळंधमक, दीडशेच्या रेघेपर्यंत. संघरत्नाने हात लांब करून बरणीला बोट लावलं. कोमट होती. तेव्हा कुठे तिला रडू आलं, आणि टाके ओढले गेले तरी ते थांबेना.

“रंग आला नव्हता,” हितेश म्हणाला. “मी उसवलं. नस पिळली गेली होती, माझ्याच हातून. थांबलो असतो तर गेलं असतं.”

रत्नदीपने त्याला हात जोडले. हितेशने ते बघितलं नाही. तो तिथेच उभा राहिला.

“मावशी, बत्तीस नंबरनंतर मी चार पेशंटांच्या वेळी असाच थांबलो.”

तिचं रडू थांबलं. “त्यांचं काय झालं?”

“दोघांचं मूत्रपिंड चाललं,” तो म्हणाला.

संघरत्नाने डोळे पुसले आणि उशीवरून मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“उरलेल्या दोघांची नावं सांगा.”

त्याने नावं आणि वयं सांगितली. खाली बघून, हळू आवाजात. संघरत्नाने ती नावं, रोज सकाळी नंबर पुकारायची तशी, मोठ्याने पुकारली.

“गोजर सासे, अठ्ठेचाळीस वर्सं. भाविक गोल्हे, एकोनीस.”