कोपऱ्यापर्यंत जाऊन या

जयनगरच्या दुकानातला तो विक्रेता निपाणीकडचा होता. लॅपटॉपची माहिती सांगायच्या भानगडीत तो पडलाच नाही. मला मनातून हवा असलेला गेमिंगचा लॅपटॉप त्यानं विटेएवढ्या चार्जरसकट बॅगेत भरला आणि माझ्या खांद्याला अडकवला.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन या, अण्णा."

तो दारात उभा राहून बघत होता. मग ऑफिसच्या कामाचा हलका लॅपटॉप देऊन पुन्हा पाठवलं. परतल्यावर त्यानं माझ्या चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे पाहिलं.

"शेवटचा गेम कधी खेळलात?"

"लग्नाआधी."

"सरी, ठीक आहे," म्हणत त्यानं हलक्याचं बिल केलं. मीही अडवलं नाही.

आता रोज व्हाइटफील्डच्या मेट्रोत उभा असतो. खांदा अजिबात दुखत नाही. थोडा दुखला असता तरी चाललं असतं.